नृत्यातील भागीदारी

कळंबोली हे नाव कानावर पडले की व्यापाऱ्याला प्रथम आठवतो तो पोलादाचा बाजार. मुंबई शहराच्या दाटीतून लोखंड-पोलादाचा व्यापार बाहेर आणून सिडकोने तो येथे वसविला आणि त्याच्या आधाराने अनेक व्यापारी कुटुंबेही नवी मुंबईत स्थिरावली. दिवसभर सळई, पत्रा, अँगल आणि चॅनल यांची चढउतार, वजनकाट्यापुढे मालमोटारींची रांग, पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी अखंड रहदारी आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवणास बसण्याची लगबग, असा येथील दिनक्रम. अशा एखाद्या घरात संध्याकाळी ताटावर बसलेल्या मुलीने सांगावे की, तिला बॉलरूम नृत्याच्या स्पर्धेत उतरावयाचे आहे, त्यासाठी प्रशिक्षक हवा आहे आणि जोडीदारही हवा आहे. क्षणभर सर्वांचे हात थांबतील.

थांबण्याचे कारण नृत्य हे नसते. नवरात्रात गरबा खेळणारी, लग्नाच्या संगीतात नाचणारी मुलगी सर्वांनी कौतुकाने पाहिलेली असते. अडते ते ‘जोडीदार’ या एका शब्दापाशी. मराठीत जोडीदार म्हटले की मन स्थळांकडे आणि पत्रिकांकडे धावते. तोच शब्द बदलून ‘भागीदार’ म्हटले की मन पेढीकडे वळते आणि विचार स्वच्छ होऊ लागतो: हा मनुष्य कोण आहे, याची पत कशी आहे, भांडवल किती, वेळ किती, नफातोटा कसा वाटायचा, वेगळे व्हावे लागले तर कसे व्हायचे. स्पर्धात्मक नृत्यातील जोडी ही अशीच एक भागीदारी असते. व्यापारी कुटुंबाला भागीदारी कशी पारखावी हे कोणी शिकविण्याची गरज नाही. ते ज्ञान या नव्या विषयाला लावण्याची मात्र गरज आहे.

आधी धर्माच्या बाजूने पाहणे योग्य ठरेल. भगवान ऋषभदेवांनी पुरुषांना बहात्तर आणि स्त्रियांना चौसष्ट कला शिकविल्या असे कल्पसूत्र सांगते, आणि त्या कलांत नृत्याचा समावेश आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ज्येष्ठ पुत्र भरत याला भगवंतांनी अर्थशास्त्राबरोबर नृत्यशास्त्रही शिकविल्याचे वर्णन येते. राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभ देव भगवान महावीरांसमोर बत्तीस प्रकारचे नाट्यविधी सादर करतो. ऋषभदेवांच्या वैराग्याला निमित्त झाले तेही एक नृत्यच. नीलांजना नाचता नाचता आयुष्य संपून अदृश्य झाली, इंद्राने तत्क्षणी दुसरी नर्तकी उभी केली, सभेला काहीच कळले नाही. भगवंतांना मात्र देहाची क्षणभंगुरता उमगली. या परंपरेत नृत्य त्याज्य मानलेले नाही. त्यामागचा भाव कोणता आणि वर्तन कसे, याकडे लक्ष देण्यास ती सांगते.

आता मुलगी जे मागते आहे ते नेमके काय आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे. स्पर्धात्मक बॉलरूम नृत्याचे दोन विभाग आहेत. स्टँडर्ड विभागात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप ही पाच नृत्ये येतात. लॅटिन विभागात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो डोब्ले आणि जाईव्ह ही पाच. प्रत्येकाची लय ठरलेली असते. वॉल्ट्झ मिनिटाला साधारण २८ ते ३० मात्राखंडांच्या गतीने चालतो, तर क्विकस्टेप ५० ते ५२ च्या गतीने. या क्रीडाप्रकाराची जागतिक संघटना असलेल्या वर्ल्ड डान्सस्पोर्ट फेडरेशनला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता १९९७ मध्ये मिळाली, आणि २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत या नृत्यांच्या स्पर्धा झाल्या. म्हणजे हा हौसेचा नाच राहिलेला नसून नियम, वयोगट आणि पंच असलेला खेळ झाला आहे.

या खेळाची दोन वैशिष्ट्ये शाळेच्या स्नेहसंमेलनातील किंवा दूरचित्रवाणीवरील नृत्याहून अगदी वेगळी आहेत. येथे गाणे जोडीने निवडायचे नसते. आयोजक जे लावतील त्यावर, त्या क्षणी ऐकून नाचायचे असते. दुसरे असे की, एका वेळी रंगमंचावर एकच जोडी नसते. अनेक जोड्या एकाच लाकडी जमिनीवर नाचतात; वॉल्ट्झ किंवा क्विकस्टेपसारख्या फिरत्या नृत्यांत त्या घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, म्हणजे देवळातील प्रदक्षिणेच्या उलट, पुढे सरकतात. कोणाला धक्का न लावता, ताल न सोडता आणि चेहऱ्यावरची प्रसन्नता न ढळू देता वाट काढायची असते. भोवती उभे असलेले पंच सर्वांना एकदमच पाहतात, पुढच्या फेरीसाठी निवड करतात, आणि पारंपरिक पद्धतीत अंतिम फेरीतील क्रम त्यांच्या बहुमताने ठरतो.

म्हणूनच शोधाचा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळजण आधी जोडीदार शोधतात आणि मग दोघे मिळून शिक्षकाचे दार ठोठावतात. हा क्रम उलटा असावा. प्रशिक्षक आधी, जोडीदार नंतर. विद्यार्थ्याची उंची, ठेवण, स्वभाव आणि ताकद पाहून त्याने कोणता विभाग धरावा, हे जाणकार प्रशिक्षकच सांगू शकतो. कोणाला जोडीदार हवा आहे, हेही त्यालाच ठाऊक असते, कारण असे विद्यार्थी त्याच्याकडे येत असतात. जोडीदार वर्षा-दोन वर्षांत शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा विवाहामुळे दूर जाऊ शकतो. चांगला प्रशिक्षक असेल तर त्यानंतरही विद्या मागे राहते.

प्रशिक्षकाची पारख कशी करावी? भिंतीवरच्या चषकांवर आणि चित्रपटातील कलाकारांबरोबरच्या छायाचित्रांवर जाऊ नये. लंडनमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंगसारख्या संस्था शिक्षकांच्या परीक्षा घेतात. त्यांत असोसिएट, लायसेन्शिएट आणि फेलो अशा पायऱ्या असतात. विद्यार्थ्यांसाठीही कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा परीक्षा असतात. कोणती परीक्षा, कोणत्या विभागात, कोणत्या साली उत्तीर्ण झाली, हे विचारण्यात संकोच नको. नवा माल घेताना चाचणी प्रमाणपत्र मागणारा व्यापारी येथे मात्र भिडेपोटी गप्प राहतो, हे बरे नव्हे.

प्रमाणपत्रापेक्षाही खात्रीची कसोटी म्हणजे वर्गात बसून एक तास पाहणे. प्रशिक्षक एकाच गाण्यावर एकच रचना घोटून घेत असेल, तर तो कार्यक्रमाची तयारी करून देतो, स्पर्धेची नव्हे. तो निरनिराळी गाणी लावून, ताल ओळखून पावले टाकायला लावत असेल, तीन-चार जोड्यांना एकदम नाचवून वाट काढायला शिकवत असेल, तर तो स्पर्धा जाणतो. पायाच्या टाचेपासून बोटांपर्यंत भार कसा जातो, हे तो बोलून समजावतो का? मुलीला हात लावून ठेवण सुधारण्यापूर्वी तिची परवानगी घेतो का? वर्गाचे दार उघडे आहे का, पालकांना बसू देतात का? विद्यार्थी अल्पवयीन असेल तर हे शेवटचे प्रश्न आधी विचारावेत, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर पुढचे काहीही न विचारता उठून यावे.

कळंबोलीच्या घरासाठी हा शोध बहुधा मुंबईच्या दिशेने जाईल, आणि त्यामागे इतिहास आहे. १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलात आणि गिरगाव-धोबीतलावपासून वांद्र्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्तीत जोडीने नाचण्याची परंपरा जुनी आहे. गोव्याहून आलेल्या वादकांनी तिला संगीत पुरविले; चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झालेले अंतोनियो झेवियर वाझ ताजमध्ये आपला वाद्यवृंद घेऊन वाजवीत, आणि त्यांच्यासारखे वादक पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही आले. गोव्यातील ख्रिस्ती विवाहसोहळ्यात आजही नवदांपत्य आणि आप्तेष्ट जोडीजोडीने नाचतात. तेथे मुलगा मावशीबरोबर आणि आजोबा नातीबरोबर नाचतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. अलीकडच्या काळात संदीप सोपारकर यांच्यासारख्या नर्तकांनी मुंबईत लॅटिन आणि बॉलरूमचे पद्धतशीर शिक्षण देऊन हा प्रकार इतर समाजांपर्यंत आणला. शोध घेणाऱ्या जैन कुटुंबाने म्हणूनच केवळ आपल्या ओळखीच्या वर्तुळात विचारू नये. ज्या समाजांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या जिमखान्यांत आणि वर्गांत विनयाने विचारावे.

अंतराचा हिशेबही आधीच मांडावा. मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकातून हार्बर मार्गाने मुंबई गाठायची, मग वांद्रे किंवा अंधेरीकडे वळायचे, तर एका तासाच्या शिकवणीसाठी अर्धा दिवस जातो. स्पर्धेच्या तयारीला आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी सराव लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाकडे आणि इतर दिवशी घराजवळच्या सभागृहात जोडीचा सराव, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. मात्र घराजवळ सराव करायचा तर जोडीदारही खारघर, पनवेल, नेरूळ अशा टापूतला असावा लागतो. फरशीवर रोज उड्या आणि गिरक्या घेतल्यास गुडघ्यांना त्रास होतो. लाकडी जमीन मिळाली तर उत्तम.

जोडीदाराच्या निवडीत पाच गोष्टी पाहाव्यात: उंचीचा मेळ, तयारीची पातळी, ध्येय, वेळ आणि स्वभाव. पहिल्या दोन गोष्टी प्रशिक्षक तपासतो. उरलेल्या तीन कुटुंबाने तपासायच्या असतात. एकाला राष्ट्रीय स्पर्धा जिंकायची आहे आणि दुसऱ्याला रविवारची करमणूक हवी आहे, तर दोघेही सज्जन असूनही ती भागीदारी टिकणार नाही. या कलेत एक पुढाकार घेतो आणि दुसरा साथ देतो, परंतु साथ देणे म्हणजे ओढले जाणे नव्हे. स्टँडर्ड नृत्यात स्त्री पुष्कळ वेळ पाठमोरी चालते. पुढची वाट तिला दिसत नसते, जोडीदाराच्या हालचालीतून ती वाचावी लागते. चुकल्यावर जो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, त्याच्याबरोबर डोळे मिटून मागे चालता येत नाही. म्हणून सरावात पहिली चूक झाली की समोरच्याचा चेहरा पाहावा. ती परीक्षा पुरेशी बोलकी असते.

आता घराच्या मनातला प्रश्न. परक्या मुलाबरोबर इतक्या निकटतेने नाचणे कसे चालेल? येथे सत्य लपविण्यात अर्थ नाही. स्टँडर्ड विभागात जोडीची देहे एकमेकांना टेकलेली असतात. लॅटिनमध्ये अंतर अधिक, परंतु पोशाख तोकडा आणि भाव उघड असतो. हे पहिल्याच दिवशी आईवडिलांना सांगावे, चित्रफिती दाखवाव्यात आणि मग निर्णय घ्यावा. ज्यांना ते मानवणार नाही, त्यांच्यासाठी वाटा बंद नाहीत. भाऊ-बहीण जोडी होऊ शकतात. जगप्रसिद्ध नर्तक फ्रेड अस्टेअर याने आपल्या कलाजीवनाचा पहिला मोठा काळ बहीण अडेल हिच्याबरोबरच रंगमंचावर गाजविला. पतिपत्नी जोडी होऊ शकतात. १९६० च्या दशकात जगज्जेते ठरलेले बिल आणि बॉबी अर्व्हाइन हे दांपत्यच होते, आणि ज्येष्ठांसाठी स्वतंत्र वयोगट असल्याने चाळिशी-पन्नाशीतील व्यापारी व त्यांच्या पत्नीलाही हे दार उघडे आहे. काही देशांत विद्यार्थी आपल्या प्रशिक्षकाबरोबरच स्पर्धेत उतरतो, असाही प्रकार रूढ आहे.

आणि जोडीदार नात्यातला नसला, तरी त्यातून दुसरेच काही उद्भवेल हे गृहीत धरू नये. १९२२ साली झालेल्या पहिल्या जागतिक बॉलरूम स्पर्धेत व्हिक्टर सिल्व्हेस्टर आणि फिलिस क्लार्क ही जोडी विजयी झाली. त्याच वर्षी सिल्व्हेस्टर यांचा विवाह झाला, तो डोरोथी न्यूटन यांच्याशी. नृत्यातली भागीदार एक आणि संसारातली सहचारिणी दुसरी. दोन्ही नाती आपापल्या जागी. पेढीवरच्या भागीदाराशी मनुष्य दिवसातले दहा तास घालवतो, तरी घराची मर्यादा कोणी ओलांडत नाही. स्पष्टता असली की मर्यादा आपोआप सांभाळली जाते.

घातक ठरते ती लपवाछपवी. १९९६ चा ‘शॅल वी डान्स?’ हा जपानी चित्रपट याच विषयावर आहे. टोकियोतील एक प्रौढ हिशेबनीस घरी न सांगता बॉलरूम नृत्य शिकू लागतो. त्याच्या बदललेल्या वागण्याने चिंतेत पडलेली पत्नी खासगी गुप्तहेर नेमते. त्याने पाप काहीच केलेले नसते, पण न सांगितल्यामुळे निष्पाप गोष्टीलाही पापाची छाया येते. मुलीने ‘क्लासला जाते’ इतकेच सांगून नृत्याला जावे, आणि एके दिवशी नातेवाइकाने मोबाइलवर चित्रफीत पाहून फोन करावा, याहून वाईट प्रसंग नाही. त्या दिवशी नृत्य थांबते. त्याहून मोठी हानी म्हणजे बापलेकीतला विश्वास उणावतो.

म्हणून बोलणी दोन्ही कुटुंबांच्या समोर व्हावीत आणि ठरलेले लिहून ठेवावे. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि प्रत्येक व्यापाऱ्याला त्याचा परिचय आहे. तो नृत्याच्या जोडीला लागू होत नाही, पण त्यामागची समज लागू होते. प्रशिक्षकाचे शुल्क आणि सभागृहाचे भाडे कोणी किती द्यायचे, स्पर्धेचे प्रवेशशुल्क व प्रवासखर्च कसा वाटायचा, पोशाख ज्याचा त्याने करायचा की कसे, आठवड्यातले कोणते दिवस सरावाचे, दुखापत झाली तर किती महिने थांबायचे, चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकायच्या की नाहीत, स्पर्धेला सोबत कोण जाणार. एका पानात हे सारे मावते. सुरुवातीचे तीन महिने चाचणीचे ठेवावेत. आणि कायद्यात ज्याप्रमाणे इच्छाधीन भागीदारी लेखी सूचना देऊन विसर्जित करता येते, त्याप्रमाणे येथेही किती दिवस आधी सांगून वेगळे व्हायचे, हे आरंभीच ठरवावे. सुरू करतानाच शेवटाची तजवीज करणे अशुभ नव्हे; तो चोख व्यवहार आहे.

याच पानावर जैन घराच्या काही अटी न संकोचता लिहाव्यात. बॉलरूमच्या बुटांचा तळवा सहसा मऊ चामड्याचा असतो, कारण तो लाकडी जमिनीवर नेमका तितकाच सरकतो. स्पर्धेच्या घोळदार पोशाखांना शहामृगाची पिसे लावण्याची पद्धत आहे, आणि कापड रेशमी असू शकते. कृत्रिम तळव्याचे बूट, पिसांऐवजी झालर आणि रेशमाऐवजी कृत्रिम साटीन, हे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र ते आधी मागवावे लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. स्पर्धा रात्री उशिरापर्यंत चालतात. चौविहार पाळणाऱ्याने त्या दिवसाच्या आहाराची आखणी प्रशिक्षकाशी बोलून करावी. पर्युषणाचे किंवा दशलक्षणाचे दिवस सरावातून वगळले जातील, हे जोडीदाराला वर्षारंभीच सांगावे. ज्याला या गोष्टी अडचणीच्या वाटतात, तो जोडीदार आपला नव्हे. आणि ज्याला त्या आदराने समजतात, तो अन्य धर्माचा असला तरी चांगला भागीदार ठरू शकतो.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पुष्कळ मुलींचे नृत्य विवाहाच्या बोलण्यांबरोबर थांबते. कोणी मनाई करीत नाही. केवळ तो विषय निघत नाही, सराव कमी होतो आणि बूट कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. तिकडे ज्या मुलाने तीन वर्षे तिच्याबरोबर घाम गाळला, त्याला एका संदेशाने कळते की पुढच्या महिन्यात ती नसेल. भागीदाराला असे वाऱ्यावर सोडणे पेढीवर कोणी शोभून घेणार नाही. मुलीच्या परिचयपत्रात शिक्षणाबरोबर ही कलाही स्पष्ट शब्दांत लिहावी, आणि पाहायला येणाऱ्या घराला तिच्या सरावाचे वेळापत्रक दाखवावे. ज्या घराला ते खुपेल ते वेळीच दूर होईल. आणि थांबायचेच ठरले, तर ते मुलीच्या तोंडून, पुरेशा आधी, जोडीदाराला व प्रशिक्षकाला कळावे.

जीव एकमेकांना साहाय्यभूत होतात, हा तत्त्वार्थसूत्रातील विचार जैन प्रतीकाखाली कोरलेला असतो. दोन माणसांनी परस्परांचा भार सांभाळत, कोणाला धक्का न लावता, एका तालात चालणे हे त्याचेच एक छोटे रूप मानता येईल. पोलादाच्या बाजारात शब्दाला किंमत आहे म्हणून व्यवहार चालतो. मुलीने जोडीदार मागितला, तर घराने तिला हीच शिदोरी द्यावी: माणूस पारखून घे, ठरलेले लिहून ठेव, घरी काही लपवू नकोस, आणि दिलेला शब्द पाळ.